नऊ नंबरच्या खोलीतला श्वास

सिग्रुन वाइगेल्टला सगळे पाठीमागे ‘हवावाली’ म्हणत, आणि तोंडावर म्हणायलाही कुणी कचरत नसे. जर्मनीतल्या आमच्या अर्ट्सगेबिर्गच्या डोंगरात एकदा टोपणनाव पडलं की ते थडग्यापर्यंत सोबत येतं. बाई अठ्ठावन्न वर्षांची, हाडापेरानं मजबूत. वृद्धाश्रमातल्या चादरी, पडदे, साफसफाई तिच्याकडे. हवेचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. पण साथीच्या त्या हिवाळ्यात या घरातून अकरा शवपेट्या बाहेर पडल्या, आणि नंतर प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक पांढरी पेटी आली. खोलीत माणसांनी सोडलेला श्वास किती साचलाय, ते ती आकड्यात दाखवते. बाहेर मोकळ्यावर चारशेवीस. हजाराच्या वर पिवळा दिवा, चौदाशेच्या वर लाल. लाल म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या छातीतून निघालेली हवा ओढताय, आणि त्याचा आजारही. चार दिवस सगळ्यांनी पेट्यांचं कौतुक केलं, मग त्यांच्याकडे ढुंकूनही पाहीनासे झाले. सिग्रुन मात्र दिवसातून दोनदा वही घेऊन फिरायची, आकडे लिहायची आणि खिडक्या उघडायची.

हे रक्तातच होतं म्हणा. तिचा बाप खाणीत हवा तपासणारा. हातात दिवा घेऊन तो सगळ्यांच्या आधी खाली उतरे आणि ज्योत कुठे झुकते ते बघे. “हवा कधी वाट चुकत नाही, पोरी,” तो म्हणायचा, “ओढ असेल तिकडेच जाते.” त्याची छातीही पुढे त्याच हवेनं पोखरली.

सिग्रुनचं वर्षभर निभायचं, पण डिसेंबर आला की भांडणं. नाताळाच्या महिन्यात आमच्याकडे प्रत्येक खिडकीत लाकडी कोरीव कमान ठेवतात. तिच्यावर सात दिवे आणि खाली दोन खाणकामगार. अंधारातून वर येणाऱ्याला घर दिसावं म्हणून ही रीत पडली. आता आमच्या खिडक्या उघडतात आतल्या बाजूला, म्हणजे कमान उचलल्याशिवाय खिडकी उघडायची सोय नाही. आणि नाताळाचा काळ संपतो त्या दोन फेब्रुवारीपर्यंत कमानीला हात लावला की म्हातारे अंगावर येतात.

“हवावाली आली, स्वेटर घाला रे!”

“घाला, घाला. शवपेटीत घालण्यापेक्षा आत्ता घातलेला बरा,” सिग्रुन म्हणे, आणि कमान उचलून पलंगावर ठेवी.

त्या डिसेंबरात नऊ नंबरमधले नेस्टलरकाका झोपेतच गेले. काका सुतार. जन्मभर कमानी कोरल्या, गावातल्या निम्म्या त्यांच्याच हातच्या. माणूस गेला की आमच्याकडे लगेच खिडकी उघडतात, जिवाला बाहेर पडता यावं म्हणून, आणि थोड्या वेळानं लावून घेतात, परत फिरू नये म्हणून. त्या दिवशी पाळीवर मँडी नावाची परिचारिका होती. खिडकीत काकांनी स्वतः कोरलेली कमान होती, ती हातून पडली तर काय, म्हणून तिचं धाडस झालं नाही. काकांना नेलं, मुलगी सामान न्यायला नाताळानंतर येणार होती, खोलीला कुलूप लागलं. खिडकी उघडायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिग्रुननं सवयीनं नऊ नंबर उघडून पेटीकडे पाहिलं. अकराशे साठ.

रिकामी खोली, लावलेली खिडकी. पलंगावर नुसती गादी. पेटीवर पिवळा दिवा. सिग्रुननं पेटीला दोन टपल्या मारल्या, तर आकडा अकराशे सत्तर झाला.

तिनं दार लावून घेतलं आणि वहीत काहीच लिहिलं नाही. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच.

शेजारी दहा नंबरमध्ये ट्राउडलमावशी होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, एक फुप्फुस पार निकामी झालेलं, दुसरं कसंबसं चालणारं. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, हिला पुन्हा छातीचा आजार झाला तर ती वाचणार नाही. सिग्रुनची आई लवकर गेली, तेव्हा शेजारच्या या बाईनंच तिला बटाट्याचे वडे करून करून मोठी केली होती. खरं म्हणजे त्या खिडक्या, ते आकडे, ती वही, सगळं या मावशीसाठीच चाललं होतं. लोकांना हे ठाऊक नव्हतं.

“मावशी, खिडकी उघडते.”

“उघड. पण त्याची उघडू नकोस,” मावशी भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली.

“कुणाची?”

“असा वेड्यासारखा चेहरा करू नकोस. तुलाही कळलंय. त्याला वाट मिळालेली नाही, तो इथेच आहे. दुपारी निजतो तेव्हा श्वास ऐकू येतो मला. आणि काल मी ठोकलं तर त्यानं उत्तर दिलं.”

रोज दुपारी जेवणानंतर मावशी भिंतीवर तीनदा ठोकायची आणि पलीकडून नेस्टलरकाका तीनदा ठोकायचे. तरुणपणी दोघांचं लग्न होता होता राहिलं होतं. ठोकणं तेवढं उरलं होतं.

“मावशी, असं काही नसतं.”

“नसतं ना? मग ऐक.”

मावशीनं काठीनं भिंतीवर तीनदा ठोकलं. दोघी थांबल्या. बाहेर चार वाजताच अंधारून आलं होतं, बर्फ पडत होतं. आणि भिंतीच्या आतून, फार लांबून आल्यासारखं, टक्, टक्, टक्.

सिग्रुन दचकून भिंतीपासून मागे सरली. मावशी मात्र लग्नाच्या मुलीसारखी हसत होती.

“नाताळापर्यंत राहू दे गं त्याला,” ती म्हणाली. “एवढंच कर माझ्यासाठी. मग मी स्वतः उघडीन खिडकी.”

सिग्रुननं हो म्हटलं. जगाला खिडक्यांवरून फैलावर घेणारी ही बाई एका खिडकीपुढे पाघळली. मला तिचा राग येतो, आणि दयाही येते. भीती होतीच, पण त्याहून जास्त होतं ते प्रेम. तीन दिवस ती नऊ नंबरवरून पावलं न वाजवता जायची. दाराच्या काचेतून आकडा दिसायचा. बाराशे. तेराशे. लोक दुपारी निजायचे तेव्हा चढायचा, कॉफीच्या वेळेला उतरायचा, तंतोतंत पलंगावरच्या माणसासारखा.

चौथ्या दिवशी मावशी म्हणाली, “आज त्याला बरं नाही वाटत गं. सारखा खोकतोय.”

सिग्रुन चादर घडी करत होती. ती तशीच राहिली हातात.

“खोकतोय?”

“कालपासून. खोल खोल खोकला. खाणीतला असतो ना, तसा.”

नेस्टलरकाका आयुष्यात खाणीत उतरले नव्हते. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांची छाती स्वच्छ होती, गेले ते हृदयानं. मेलेल्या माणसाला नवा खोकला कसा लागेल?

ती तडक नऊ नंबरमध्ये गेली. चौदाशे तीस, लाल दिवा. फळीवर काकांचा लाकडी बाबा होता, पोटात धूप पेटवला की तोंडातून धूर सोडणारा. घरोघरी असतो तो नाताळात. तिनं धूप पेटवला, बाबाला खोलीच्या मध्यावर जमिनीवर ठेवलं आणि बापानं दिव्याकडे बघावं तसं बघत उकिडवी बसली. धूर वर गेला नाही. तो आडवा झाला, कपाटाच्या मागे गेला आणि दहा नंबरच्या भिंतीत शिरला.

पलीकडून मावशीचा आनंदी आवाज आला, “सिग्रुन! धुपाचा वास आला! तोच आहे बघ!”

सिग्रुननं खांदा लावून कपाट ढकललं. मागे भिंतीत वीतभर भोक होतं. जुन्या काळी आठ, नऊ, दहा या तिन्ही खोल्यांतून शेगडीचा नळ जात असे, दहा नंबरमागच्या धुराड्यापर्यंत. नळ काढला, आणि भोकं कुणी बुजवलीच नाहीत, पुढे कपाटं लोटून मोकळे झाले. समोरच्या भिंतीतही तसंच भोक होतं. तिनं तिथे हात धरला. हाताला ऊब लागली, ओलसर. कुणीतरी तोंडासमोर उभं राहून श्वास सोडावा तशी. तिकडे आठ नंबर होता.

आठमध्ये दहा दिवसांपूर्वी आलेले ऊलिगआजोबा होते. चाळीस वर्षं खाणीत काढलेले. खिडकी कमानीनं अडलेली, दार घट्ट लावलेलं, कारण त्यांना वाऱ्याची झुळूकही खपत नसे. आणि हो, सिग्रुन आली की झोपेचं सोंग, म्हणजे ती खिडकी न उघडताच परत फिरे. गाल तापून लाल झाले होते.

“आजोबा, ताप आहे तुम्हाला!”

“छे! खाणीचा खोकला हा. तुझ्या बापालाही होता. या गावात खोकला नसलेला पुरुष दाखव मला.”

हेच तर. आमच्याकडे म्हातारा खोकला तर कुणी मान वळवून बघत नाही. मँडीनंही पाहिलं नव्हतं.

“आणि भिंतीवर तुम्हीच ठोकता का?”

“मग? कुणीतरी ठोकत होतं ना पलीकडून. खाली खाणीत ठोकलेलं ऐकू आलं तर उत्तर द्यायचंच असतं, पोरी. आत माणूस असतो.”

आजोबांच्या नाकातला नमुना घेतला, आणि तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, साथीच्या आजाराच्या. त्या संध्याकाळी सिग्रुननं नेस्टलरकाकांची कमान उचलली, नऊ नंबरची खिडकी सताड उघडली, आणि आकडा अर्ध्या तासात चारशे चाळीसवर आला. तीच खिडकी तीन दिवस आधी उघडली असती, रीतीप्रमाणे, तर आठमधली हवा मधल्या मध्ये बाहेर गेली असती. दोन्ही भोकांत प्लास्टर भरताना तिला हे कळत होतं, आणि ती रडत होती. रात्रीच्या जेवणाला मावशीला थंडी वाजून आली.

त्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी मावशी गेली. सिग्रुननं लगेच कमान खाली ठेवून खिडकी उघडली. बर्फाची हवा आत आली. चारशेपन्नास झाल्यावर तिनं खिडकी लावली आणि खुर्चीत बसून राहिली. हळूहळू आकडा चढू लागला. चारशे सत्तर, पाचशे. या खेपेला कोण श्वास घेतंय ते विचारायची गरज नव्हती, श्वास तिचा स्वतःचाच होता.

मग दोन भिंतींपलीकडून, अगदी बारीक, तीनदा टकटक झाली. ऊलिगआजोबा बरे होत होते.

तिचा हात उचलला गेला. तीनदा ठोकलं असतं तर म्हातारा सुखानं निजला असता. तिनं हात मागे घेतला आणि बाहेरून फिरून आठ नंबरमध्ये गेली.

“आजोबा, तिकडे आता कुणी नाही. ट्राउडलमावशी गेली.”

आजोबांनी टोपी काढली.

“खिडकी उघडलीस?”

“उघडली.”

“वेळेवर?”

सिग्रुननं नऊ नंबरच्या भिंतीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“नाही,” ती म्हणाली.