बुवांच्या जागी टॅब

भजनी मंडळात किस्से इतके साठतात, की कुणी सांगायला बसलं तर भजन राहून जातं. भाट्याच्या पुलापलीकडच्या आमच्या वाडीचं मंडळ तसं साधंच. दर शुक्रवारी संध्याकाळी देवीच्या देवळात भजन. मी झांजा वाजवतो, म्हणजे चुकलो तरी लपत नाही!

दत्तारामबुवा चाळीस वर्षं पुढे बसून गातात. यंदा त्यांचा गळा बसला तो बसलाच. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, "सहा महिने एक शब्द बोलायचा नाही. आवाज परत येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही."

बुवांनी नातीची पाटी घेतली आणि तिच्यावर पहिलं वाक्य लिहिलं, 'भजन बंद नको.'

मग मुंबईहून त्यांच्या मेव्हण्याने टॅब पाठवला. टॅब पुढे गाणार, आम्ही मागून. आता त्यात गाण्यांचं ॲप कुठलं टाकायचं, एवढाच प्रश्न होता. एवढाच!

*

पहिलं ॲप फुकटवालं. आमच्या लोकांची सवय अशी, की पुढून जी ओळ येईल ती ठेक्यात दोनदा म्हणायची. अर्थबिर्थ नंतर. अभंग ऐन रंगात आला आणि मध्येच जाहिरात लागली. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "गळक्या टाकीची चिंता सोडा!"

आम्ही म्हटलं, "गळक्या टाकीची चिंता सोडाऽऽ!" दोनदा. मी झांजाही वाजवल्या.

बायकांच्या बाजूने शेवंतीकाकू म्हणाल्या, "चाल बरी होती हो!"

*

दुसऱ्या ॲपला जाहिराती नव्हत्या, पण नेट लागायचं. देऊळ खाली खळग्यात, रेंज वर कातळावर. म्हणून टॅब कातळावर ठेवला आणि लांबलचक वायर सोडून स्पीकर देवळात आणला. टॅब राखायला बुवा वर एकटेच बसले. गाता येत नाही तर निदान एवढं तरी, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला ते बघवलं नाही.

अर्ध्यात स्पीकर गप्प झाला. पुढची ओळ येईना, म्हणून आम्ही आधीचीच धरून बसलो. पखवाजवाला मन्या शेवटी वर बघायला गेला. बुवांनी पाटी दाखवली, 'रेंज गेली. थांबू नका.'

तीच ओळ आम्ही वीस मिनिटं म्हटली. दुसऱ्या दिवशी वाडीत बोलणं, "काल काय भक्ती होती हो तुमची!"

*

तिसऱ्या ॲपमध्ये गाणी भरून ठेवता यायची. सगळे खूश. पण टॅब चार्जिंगला मन्याच्या घरी, आणि त्याच्या बायकोला लावण्यांची आवड. आठवडाभर तिने त्याच ॲपवर लावण्याच भरून ऐकल्या. शुक्रवारी अभंग संपला आणि ॲपने आपणहून ढोलकीची लावणी लावली!

बंद कोण करणार? टॅब मन्यापुढे, आणि मन्या डोळे मिटून वाजवत होता.

भिकू गुरव गाभाऱ्यातून ओरडला, "अरे मेल्या, देवळात हाईस!"

"मी काय करू? हात थांबत नाय!"

ते ॲप तिथल्या तिथे बाद झालं.

*

उरली दोन. अर्धे याच्या बाजूचे, अर्धे त्याच्या. भांडण मिटेना, तेव्हा आमच्याकडे जे करतात तेच ठरलं. देवीला कौल लावायचा.

भिकूने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली, जे आधी पडेल तो देवीचा कौल, आणि गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे, उजवा दिलास तर फुकटवाला, डावा दिलास तर कातळावरचा. लेकरांचा घोळ मिटव!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

फूल हलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. भिकूने पुन्हा विनवलं. काही नाही. बुवा सगळ्यांच्या पुढे बसले होते, मी त्यांच्या मागे. भिकू डोळे मिटून उभा.

बुवांनी हळूच पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी आमच्याकडे नाही, देवीकडे वळवली. वळवताना मला वाचता आलं. 'आवाज परत देतेस? देणार असशील तर उजवा दे.'

उजवं फूल टपकन पडलं.

भिकूने डोळे उघडले. "उजवा! उजवा दिलान! फुकटवाला!"

एकच जल्लोष झाला. मन्याने पखवाजावर थाप मारली, शेवंतीकाकूंनी तर टाकीची ओळ म्हणायलाही घेतली.

बुवांनी सदऱ्याच्या बाहीने पाटी पुसली, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.