अर्धे पांढरे किडे

हिचे किडे मला कधीच आवडले नाहीत. राखी रंगाचे, ज्वारीच्या दाण्याएवढे, हात लावला की गोळी होऊन पडणारे. नातीने पाळायला म्हणून इंदूरहून हौसेने डबाभर आणले, दोन महिन्यांत तिची हौस फिटली, आणि ही त्यांना घेऊन बसली. ओली माती, सडका पाला, केळीच्या खांबाचा तुकडा. झाकण उघडलं की कुजका भपकारा.

"फेक ते नालीत," मी म्हणायचो.

"तुम्हाला नाही फेकलं एवढ्या वर्षांत. हे तर चावत बी नाहीत."

ती गेली. शेवटी अंथरुणातच होती. तिचं सगळं या हातांनी काढलं, नाक मुरडलं नाही. पण हे किडे! स्वतःची लेंडी खातात, मेलेल्या भावालाही खातात. तरी रोज पाणी शिंपडायचो. तिने पाळलेलं, जितं असं घरात तेवढंच उरलं होतं.

पावसाळ्यात काही किडे मागून पांढरे पडायला लागले. पुढून राखी, मागून पांढरे. मी जन्मभर दापोऱ्याला केळी लावली. पानावर हरण्या रोगाचे पिवळे पट्टे दिसले की झाड मुळासकट उपटून बागेबाहेर फेकायचं, नाहीतर सगळी बाग जाते. तेच केलं. रोज सकाळी चिमट्याने पांढरे वेचले आणि गच्चीवर उन्हात टाकले.

दिवाळीला नात आली. डबा उघडून म्हणाली, "आबा, पिल्लं कुठं गेली?"

मी रोगाचं सांगितलं.

"रोग नव्हता तो. कात टाकतात ते. आधी मागची, मग पुढची. वाढणारे तर सारखी टाकतात. आजीला माहीत होतं की. तिला विचारायचं ना कधी."

नाही विचारलं. तरणे तेवढे मी वेचून मारले, म्हातारे ठेवले.

आता एकेक जातो. "नवे आणू का?" नातीने विचारलं. नको म्हटलं. नवे हिचे नाहीत. मग म्हणाली, मेलेला उचलू नका, बाकीच्यांना तेवढंच बळ येतं.

काल एक मोठा पालथा पडला होता. दोघं त्याच्या पोटाला लागलेले, कुरतडत होते. चिमटा उचलला. तरी हात आवरला. खाऊ दे मेल्यांना. चार दिवस जास्त जगतील.