देवीचा कमरपट्टा आणि छतातली एअरबॅग

वाचकहो, हातातला चहा खाली ठेवा. बाब अत्यंत गंभीर आहे. देवीचा दागिना, स्फोट होऊ शकेल अशी वस्तू आणि आमच्या हवालदाराचा स्क्रूड्रायव्हर हे तिन्ही एकाच मोटारीत आले होते.

दर्यापूरकडच्या एका देवळातून चांदीचा कमरपट्टा चोरीला गेला. कुलूप शाबूत आणि किल्ली एकट्या पुजाऱ्याकडे, म्हणजे गावाच्या लेखी निकाल लागलेलाच. पट्टा सापडला नाही तर यंदा घट दुसरा पुजारी बसवेल, असं गावकऱ्यांनी म्हाताऱ्याला सुनावलं होतं. तो रोज ठाण्याच्या बाकावर येऊन बसे. त्याचं ते बसणंच मला झोपू देईना.

खबर दिली देवळापुढे हार विकणाऱ्या बाईने.

"साहेब, तो अकोल्याचा भाजीवाला येते ना, तो चोरीच्या दुसऱ्या दिवशी गाडीच्या छताचं कापड चिकटवून राह्यला होता. मी म्हटलं, काहून? तर म्हणे, उंदरानं कुरतडलं."

त्याला अटक केली, गाडी ठाण्याच्या आवारात आणली. झडतीत कोथिंबिरीच्या वासापलीकडे काही मिळालं नाही. छत उघडावं, तर दाराच्या वर कडेने पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग. चुकीचा धक्का बसला तर ती बंदुकीच्या जोराने सुटते. अमरावतीहून तंत्रज्ञ यायला अवकाश होता. चौकशीत आरोपीचा एकच पाढा: "मी भाजीवाला माणूस साहेब. मले ष्टेरिंग फिरवता येते, बस."

शेवटी दोन पंचांसमक्ष त्याला गाडीपाशी उभं केलं. हवालदार लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आत शिरला. टोक कुठेही टेकवायचं नाही, अशी सक्त ताकीद मी त्याला दिली होती. पण गडी हौशी! टोक छताच्या कडेकडे सरकू लागलं.

"अबे थांब! मरशीन!" आरोपी किंचाळला. "आधी बॅटरीची निगेटिव वायर काढ! दहा-पंधरा मिनिटं थांब, मंग पिवळं कनेक्टर सोड! अन् त्या गॅसच्या नळकांड्याले लोखंड नोको लावू!"

मी हळूच विचारलं, "काय रे, हे भाजीबाजारात शिकवतात का?"

पुजाऱ्याच्या किल्लीचा साबणावर घेतलेला ठसा, छतातली जागा, सगळं त्याने सांगितलं. पंचांसमोर त्याचं सांगणं लिहून घेतलं, निवेदन पंचनामा झाला. तंत्रज्ञ आला आणि त्याने अगदी त्याच क्रमाने काम केलं. बॅटरीची जोडणी तपासली, पिवळं कनेक्टर सोडलं, बोल्ट आणि क्लिपा सैल केल्या. एअरबॅग अंगापासून लांब धरून मोकळ्या सावलीत नेऊन ठेवली. तिच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेला कमरपट्टा होता.

पट्टा न्यायालयाच्या हुकमाशिवाय परत देता येत नव्हता. पुजारी लांबूनच हात जोडून म्हणाला, "सील करा साहेब, पण उलटा नका ठेवू." त्या वर्षी घट त्याच्याच हातून बसले.

माणूस अज्ञानाचं सोंग कितीही वेळ वठवतो, पण डोळ्यांसमोर कुणाचा जीव जाताना दिसला की सोंग गळून पडतं. तो हवालदारासाठी ओरडला की स्वतःसाठी, हे मला अजून कळलेलं नाही. मी मात्र संशयाचा फायदा त्यालाच देतो.

एक सांगायचं राहिलं. जप्त गाडीची बॅटरी पहिल्याच दिवशी काढून मालखान्यात, म्हणजे जप्त मालाच्या खोलीत ठेवायची, ही आमच्या ठाण्याची रीत. कारण चोर पोलिसांच्या आवारालाही सोडत नाहीत. कोठडीकडे परत नेताना मालखान्याच्या दारातून आरोपीला आपली बॅटरी दिसली. तो थबकला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे गाडीत बॅटरी नवतीच? अन् मी फुकट बोंबललो!"