वकिलाने पाळलेलं मौन

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नीलिमाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही, आणि तिला मी गाडीच्या टायरमधली हवा किती आहे तेसुद्धा सांगतो. तुमची-माझी ओळख नाही, तेव्हा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

मी अमेरिकेत, बोस्टनपासून तासाभरावरच्या श्रूजबरीत राहतो. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्याने भरलेल्या कागदातली चूक शोधणं हे माझं काम. बावीस वर्षं तेच करतोय. इथल्या मराठी मंडळात कोणाला सरकारी फॉर्म भरायचा असला की मला फोन येतो. याच्या नजरेतून काही सुटत नाही, असं लोक म्हणतात. खरंच सुटत नाही. म्हणूनच हे नजरचुकीने झालं असं मला म्हणता येत नाही.

अमारल नावाचे एक वकील होते. आहेत, पण आता इथे नाहीत. आडनाव ऐकून पहिल्याच भेटीत मी विचारलं होतं, तुम्ही गोव्याचे का? ते खूप हसले. पोर्तुगालच्या, भर समुद्रातल्या एका बेटावर जन्मलेला माणूस. नऊ वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर इथे आले. वडील तारेच्या कारखान्यात, आई शाळेत फरशा पुसायला. वकील झाल्यावर बोस्टनला न जाता शेजारच्या गावात एका पोर्तुगीज बेकरीच्या वर त्यांनी दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. ब्राझीलचे, घानाचे, आपले, सगळे तो जिना चढायचे. मग ते शाळा समितीवर निवडून आले, पुढे गावाच्या कारभारी मंडळावर. आमच्या गणपतीला यायचे आणि दोन मिनिटांत भाषण संपवायचे. मंडळात त्यांचं नाव 'गोवेकर' पडलं होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं.

माझ्या ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज त्यांच्याकडे होता. ज्यांना ही रांग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर्षानुवर्षं थांबल्यावर एखाद्या महिन्यात आपला नंबर लागतो. त्या महिन्यात अर्ज आत गेला तर गेला. नंबर कधीही मागे सरकतो, आणि मग दार बंद. आमची मुलगी गार्गी तेव्हा वीस वर्षांची होती. वेळेत अर्ज गेला असता तर ती आमच्याबरोबर धरली गेली असती. नाही तर एकविसाव्या वर्षी ती आमच्या कागदांतून बाहेर. चार वर्षांची असताना आलेली मुलगी.

नंबर लागला. अमारलनी जन्मदाखला मागितला.

माझ्या पासपोर्टवर जन्मतारीख आहे एक जून. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनलाच असायचा, तुमच्यापैकी काहींचा असेल. मुलाला शाळेत घालायला बाप गेला की हेडमास्तर वय जुळवून तीच तारीख टाकायचे. शाळेचा दाखला तसा, म्हणून पासपोर्ट तसा, म्हणून व्हिसाचा प्रत्येक कागद तसा. पण नगरपालिकेच्या दाखल्यावर होती चौदा सप्टेंबर. खरी तारीख. म्हणजे वीस वर्षं मी ज्या ज्या कागदाखाली 'वरील माहिती सत्य आहे' म्हणून सही केली, तो प्रत्येक कागद चुकलेला. मी — ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही!

आता तुम्ही म्हणाल, वकिलाला सांगायचं की. हो. सांगायचं. त्यांनी आपणहून विचारलंही होतं. पहिल्याच ईमेलमध्ये लिहिलं होतं की कागदांवर दोन तारखा असतील तर घाबरू नका, माझ्या वडिलांचेही दोन वाढदिवस आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांची दोन प्रतिज्ञापत्रं जोडली की भागतं. मी उत्तर दिलं की सगळीकडे एकच तारीख आहे, दाखला गावाहून येतोय. दाखला तर माझ्या टेबलाच्या खणात होता. माझा चुलतभाऊ नगरपालिकेत खेटे घालून त्यावर एक जून करून आणेल, याची मी वाट पाहत होतो. त्याला ते कधीच जमलं नाही. मला काय वाटलं होतं? एक चूक दुरुस्त करतोय, असं! खऱ्या तारखेच्या जागी खोटी आणायची, आणि त्याला मी मनात दुरुस्ती म्हणत होतो.

अमारलची तीन स्मरणपत्रं आली. तिसऱ्यात त्यांनी गार्गीची जन्मतारीख ठळक अक्षरांत टाकली होती. मी तिन्ही ईमेल वाचले आणि एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले. एकेचाळीस दिवस गेले. मग नंबर मागे सरकला.

नीलिमाने विचारलं, असं कसं झालं? मी म्हणालो, वकिलाने वेळेत केलं नाही. आधी एवढंच. ठरवून बोललो नाही — पण बोललेलं मागेही घेतलं नाही. ती रडत आपल्या मैत्रिणीला सांगत होती, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

गार्गी वर्षभर विद्यार्थी व्हिसावर राहिली, मग टोरांटोला गेली. एकटी. आमचं दोघांचं काम पुढे दुसऱ्या वकिलाकडून झालं. तेव्हा मी मुकाट्याने तोच दाखला दिला, आत्याचं आणि शेजारच्या काकूंचं प्रतिज्ञापत्र जोडलं. कोणी एक प्रश्न विचारला नाही.

दोन वर्षांनी अमारल राज्याच्या विधानसभेला उभे राहिले. मंडळाच्या दिवाळीआधीच्या जेवणात शिरीष, आमचा नागपूरचा मित्र, ताट हातात घेऊन माझ्याजवळ आला.

"काय रे, तुझा गोवेकर आमदार होऊन राहिला ना बे! तुझी फाइल झोपवली, आता पूर्ण जिल्हा झोपवते म्हणा की."

सगळे हसले. मंडळातल्या सुलभाकाकू म्हणाल्या, "हसताय काय? त्याची पोर गेली परदेशी." मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्या क्षणी मी काय करावं? मी मान हलवली. "जाऊ दे," म्हणालो. मोठ्या मनाचा माणूस म्हणून!

त्या आठवड्यात शिरीषने सगळी हकीकत मंडळाच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती विरोधी उमेदवाराच्या माणसांकडे गेली. वाचनालयात उमेदवारांची सभा झाली, तिथे कोणीतरी अमारलना उभं करून विचारलं, तुमच्या हलगर्जीपणामुळे एका मुलीला देश सोडावा लागला, हे खरं का? मी शेवटून दुसऱ्या रांगेत होतो. अमारलनी मला पाहिलं. ते म्हणाले, "मी कोणत्याही अशिलाबद्दल बोलू शकत नाही." बस. मागून कोणीतरी हुर्यो केली. त्यांच्याकडे माझे ईमेल होते, स्मरणपत्रं होती, तारखा होत्या. माणूस गप्प उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये जाऊन घेतला. आधी त्यांनी विचारलं, गार्गी कशी आहे? मग म्हणाले, मला तुमच्याकडून फक्त एक ओळ हवी आहे, की मी तुमच्या फाइलबद्दल बोललो तर चालेल. आवाज चढवला नाही, धमकी नाही. मी म्हणालो, बायकोशी बोलून सांगतो. बायकोशी बोललो नाही. त्यांनी परत फोन केला नाही.

ते दोनशे अकरा मतांनी पडले. मी आकडेमोड केली, करणारच. त्या मतदारसंघात मत असलेले आपले लोक जास्तीत जास्त शंभर. सगळे उलटे गेले असते तरी फरक दोनशेचा, दोनशे अकरा होत नाहीत. कित्येक महिने मी त्या वजाबाकीच्या आधाराने झोपलो. पण प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याला बोलला असेल, बसस्टॉपवर उभ्या आयांना बोलला असेल, ते मी कुठल्या रकान्यात धरणार? आणि शंभरच मतं फिरली असती तर मी निर्दोष ठरलो असतो का?

पुढच्या निवडणुकीत ते गावाच्या कारभारी मंडळावरूनही गेले. आपले लोक तो जिना चढेनासे झाले, मग इतरही. दोन वर्षांत ऑफिस बंद झालं. दुसऱ्या गावात कोणाच्या तरी फर्ममध्ये ते मृत्युपत्रं करतात, असं ऐकलं. त्यांचा पत्ता मी शोधून ठेवला आहे. पत्र लिहिलेलं नाही.

मागच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत गार्गी आली होती. बरोबर तिचा होणारा नवरा होता. जेवताना त्याने सहज विचारलं, तू इथे वाढलीस, मग टोरांटो कसं? तिने चमचा खाली ठेवला. "आमच्या लॉयरने फाइल विसरली. बाबांनी सगळं परफेक्ट केलं होतं. राइट, बाबा?"

मी हो म्हणालो.