मूत्राशय भरण्याची प्रतीक्षा

मित्रहो, आज सकाळी कर्जतच्या एका सोनोग्राफी केंद्रात आम्ही दोन कुटुंबांतील प्रतिष्ठित मंडळी, अद्याप न जन्मलेल्या एका जिवाच्या मूत्राची सविनय प्रतीक्षा करीत बसलो होतो.

माझ्या कन्येला आठवा महिना सुरू आहे आणि बाळाची वाढ मंदावली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं बाळ रक्त आधी मेंदूकडे पाठवतं, मूत्रपिंडांना कमी देतं. आत्ता बाळाचं मूत्राशय रिकामं दिसतंय. अर्ध्या तासानं पुन्हा पाहू. भरलं, तर मूत्रपिंडं काम करताहेत."

खालापूरहून आलेल्या विहीणबाई अविचल होत्या. "भाऊ, घाबरू नका. लेकरू आमचंच हाय. त्याचा बापूस बी सांगितल्या वेळेला काय करत नाय."

जामातांनी मान खाली घातली. मलाही प्रसाधनगृहाची निकड होती. परंतु त्या क्षणी स्वतः उठून जाणे मला अत्यंत स्वार्थीपणाचे वाटले.

अर्ध्या तासाने कन्येला पुन्हा आत नेले. ती बाहेर आली ती थेट माझ्याकडेच. "बाबा, भरलंय."

मूत्रपिंडांकडे रक्त कमी जाते, पण जाते. चार दिवसांनी पुनश्च तपासणी.

हीच कन्या बालपणी गादी भिजवीत असे आणि मी घर डोक्यावर घेत असे. परतताना रिक्षात मी तिची रीतसर क्षमा मागितली.

"बाबा, घरी जाऊन झोपा जरा," ती म्हणाली.

झोप येत नाही. चार दिवस कसे काढावेत, हे कोणास अवगत असल्यास कृपया कळवावे.