परीक्षकांना कोंडणारी पोरगी

आमच्या भागात एकेकाळी अशी कुजबुज होती की, बिजागरीने सुतारकामाच्या स्पर्धेत मोठ्या परीक्षकांना खोलीत कोंडून घातलं आणि शिष्यवृत्ती कबूल करून घेतल्याशिवाय दार उघडलं नाही. काहींच्या मते तिने आत पाणीसुद्धा जाऊ दिलं नाही. सांगणारे शपथेवर सांगायचे. त्यांतला एकही जण तिथे हजर नव्हता, पण त्यामुळे कुणाचं कधी अडलं नाही.

बिजागरी म्हणजे आमच्या गल्लीतल्या सुताराची थोरली. हे नाव तिला तिच्या आईने वैतागून ठेवलं. पोरगी कुणाच्याही घरी गेली की आधी दारं हलवून बघायची. एकदा शेजारचे आजोबा वारले. घर माणसांनी भरलेलं, सगळे माना खाली घालून बसलेले, आणि ही आतल्या खोलीचं दार उघडतेय, लावतेय, परत उघडतेय. आईने डोळे वटारले तर म्हणते, "वरून घासतंय गं. आजोबांनी इतकी वर्षं कसं सहन केलं?"

"म्हणूनच गेले असतील," बाप पुटपुटला. आईने दोघांनाही दंडाला धरून बाहेर काढलं.

बाप दारं बसवण्यात तरबेज आणि बोलण्यात कंजूष. त्याचा एकच कायदा होता: दार मनासारखं होईपर्यंत मूठ आपल्या खिशात. नवीन दार दिसलं की घरमालकाला राहवत नाही. स्क्रू पुरते आवळलेले नसताना तो दहादा उघडझाप करतो, दार झुकतं, आणि मग तोच सांगत सुटतो की सुतार कच्चा आहे. म्हणून हा दार ओढून घ्यायचा, दोन्ही बाजूंच्या मुठी आणि त्यांच्यामधला चौकोनी दांडा उपसायचा, आणि सगळं शर्टाच्या खिशात टाकून निवांत डबा खायला बसायचा. घरची माणसं बंद दारापुढे ताटकळायची. "अहो, माझे कपडे आत आहेत," असं म्हणणाऱ्या ओलेत्या मालकालाही त्याने घास संपेपर्यंत थांबवलेलं आहे.

लेक त्याच्याच हाताखाली शिकली, मग कामाच्या शाळेत गेली आणि तिथून मोठ्या स्पर्धेसाठी निवडली गेली. स्पर्धेत चमकणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळायची: शहरातल्या नावाजलेल्या कार्यशाळेत पुढचं शिक्षण, राहण्याजेवणासकट. ती मिळाली नाही तर मामाच्या रंगाच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. मामाने गल्ल्यामागे तिच्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं.

"रंधा नको, भुसा नको," मामा समजवायचा. "गिऱ्हाईक विचारणार, मोरपंखी आहे का? आपण म्हणायचं, आहे."

"आणि नसला तर?"

"तरी आहेच म्हणायचं. गिऱ्हाईक वळलं नाही पाहिजे."

त्या स्टुलाच्या धास्तीने पोरगी सुट्टीभर दारं बसवत राहिली.

स्पर्धेच्या शेडमध्ये फळ्यांच्या बिनछपराच्या खोल्यांची रांग उभी केली होती. प्रत्येक खोलीला एक रिकामी चौकट. तिच्यात दार बसवायचं, कुलूप आणि मूठ लावायची, आणि घंटा झाली की आखलेल्या रेषेमागे जाऊन उभं राहायचं. त्यानंतर कामाला बोट जरी लागलं तरी स्पर्धक बाद.

बिजागरीचं दार झकास बसलं होतं. वेळ संपत आली तेव्हा मुठीच्या पट्टीचा एक स्क्रू तिला जरा वर आल्यासारखा वाटला. तिने मुठी काढल्या, स्क्रू आवळला, आणि हाताने आपणहून बापाचा कायदा पाळला. मुठी आणि दांडा ॲप्रनच्या खिशात गेले. तेवढ्यात घंटा झाली आणि ती शहाण्यासारखी रेषेमागे जाऊन उभी राहिली.

मोठे परीक्षक साहेब आले, एकटेच. गोल अंगाचे, चहाबाज. ते उघड्या दारातून आत गेले आणि आतून पाहणी करायची म्हणून त्यांनी दार कडेला धरून ओढून घेतलं. टक.

"छान," आतून आवाज आला. "लागण्याचा आवाज छान आहे." मग दार चाचपल्याची खुडबुड. "अहो, मूठ कुठंय?"

बाहेर नियम आणि घड्याळ सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी जमीन पाहिली, हत्यारांची पेटी पाहिली. रेषेमागे बिजागरी लाकडासारखी उभी. सांगावं तर काम अपुरं ठरणार, आणि डोळ्यांपुढे ते स्टूल. प्रेक्षकांत बसलेला बाप तिच्याकडे बघून सारखा शर्टाच्या खिशावर हात आपटत होता.

"छातीत दुखतंय का?" आई घाबरली. "पाणी देऊ?"

"मला नको. तिला दे," बाप म्हणाला.

आत साहेबांची खटपट चालू होती. त्यांनी फटीतून ओळखपत्र सारून कुलपाची जीभ मागे ढकलायचा प्रयत्न केला. "कार्ड जात नाही हो इथून," ते म्हणाले. तक्रार होती की कौतुक, कळेना. खालून पट्टी सरकवायला बाई वाकल्या, तर पट्टीही अडली.

"तुम्ही वरून येता का?" बाईंनी विचारलं.

"मी काय मांजर आहे?"

थोड्या वेळाने तोच आवाज बराच नरम होऊन आला. "बाई, जरा घाई करा. सकाळपासून चहा फार झालाय."

हे ऐकून बिजागरीचा धीर सुटला. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला चहापायी तिष्ठत ठेवणं तिच्याच्याने होईना. तिने खिशात हात घातला.

"मूठ माझ्याकडे राहिली," ती म्हणाली.

बाई ताठ झाल्या. "दाराला हात लावायचा नाही."

"नाही लावत. तुम्ही लावा. आधी दांडा. सरळ धरा, तिरका नको. आता मूठ चढवा आणि फिरवा."

"बोलायला परवानगी आहे का हिला?" शेजारच्या स्पर्धकाने विचारलं.

"नियमात बोलण्याबद्दल काही नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मूठ फिरवली.

साहेब बाहेर आले ते कुणाकडेही न बघता तडक निघून गेले. परतले तेव्हा चेहरा माणसात आला होता. त्यांनी दार पुन्हा नीट पाहिलं, या वेळी बाहेरूनच.

"मूठ बसवलेली नव्हती. ते गुण जातील. काही म्हणायचंय?"

"नाही. चूक माझीच आहे."

"बाकी दार मात्र..." साहेब बोलू लागले, तेवढ्यात बाई खाकरल्या आणि त्यांनी तोंड मिटलं.

आईने घरी येऊन भावाला सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मामाचं हक्काचं माणूस गेलेलं आणि स्टूल रिकामं. त्याने ती गोष्ट रंगाच्या प्रत्येक डब्याबरोबर विकली, आणि दर डब्यागणिक एक हात जास्त मारला. त्याच्या पोटात दुखत होतं ते सगळ्या गल्लीला दिसत होतं, पण गोष्ट फुकट मिळत होती, मग कोण सोडतो?

बिजागरी शिकून आली. आता इथल्या निम्म्या घरांची दारं तिने बसवलेली आहेत. त्या कुजबुजीचा तिला फायदाच झाला. तिने मूठ खिशात टाकली की घरमालक हूं की चूं करत नाही. तिने ती गोष्ट कधी खोडून काढली नाही, म्हणून मीच सांगतो. मुठीचे गुण कापले गेल्यामुळे ती स्पर्धेत तिसरी आली, आणि शिष्यवृत्त्या तीन होत्या.