रेखाच्या नावाची ओळ

कॉम्प्युटरच्या डब्याला तो आधी उलटा हात लावून बघायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. मग म्हणायचा, "चालू द्या मावशी. जित्ता हाय."

येरमाळ्यात आमच्या शेजारच्या गाळ्यात त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता. सगळे त्याला मास्तर म्हणत, मीही म्हणायचे. असा माणूस तुमच्या गल्लीतही असेल. त्याच्या हातात आपण घराची किल्ली देतो आणि दिल्याचं ध्यानातही राहत नाही.

माझी लेक रेखा रक्ताच्या आजारानं गेली. मागं तिचा कॉम्प्युटर राहिला. मी त्यावर चादर टाकली होती, ती मास्तरनं काढली.

"आठ बैलांचं बळ हाय ह्यात, अन् तुमी दावणीला बांधून ठिवलंय."

मग त्यानं समजावलं. औषध शोधायचं गणित एवढं मोठं असतं की एका मशीनला झेपत नाही. म्हणून जगभरच्या घरांतल्या मशीनांना त्याचे तुकडे वाटतात. तुकडा सोडवायचा, इंटरनेटवरून परत धाडायचा, दुसरा घ्यायचा. काम करणाऱ्याचं नाव तिकडच्या पाटीवर चढतं; जितकं काम जास्त, तितकं नाव वर.

"रेखाताईचं नाव टाकतो," तो म्हणाला. एवढ्यावर मी तयार झाले.

"विंडोज लई झोपाळू. जरा काम थांबलं की डोळं मिटतंय." त्यानं ती झोप बंद केली आणि आठही बैल जुंपले. डबा पिठाच्या गिरणीसारखा घुमायला लागला. येडेश्वरीच्या यात्रेला घरात पाहुणे, वर ऊन आग ओकतंय, आणि मी टेबलफॅन डब्याकडं फिरवलेला.

"माणसं घामाघूम अन् डब्याला वारा," जाऊ म्हणाली. "डोकं फिरलंय हिचं."

"तुला घाम आलाय. मरत न्हायस तू," मी म्हटलं.

दर सोमवारी मास्तर चहाला यायचा आणि पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवायचा. "ही बघा रेखाताई. वर सरकली." मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. ती ओळ बघून मी त्याच्या चहात साखर जास्त घालायचे.

एके दिवशी क्लासला कुलूप दिसलं. पुण्याला नोकरी लागली म्हणे. मला सांगितलं नव्हतं. सोमवारी ओळ वाचायला कुणी नाही म्हणून बहिणीच्या मुलीला बोलावलं. तिनं वाचलं, परत वाचलं.

"मावशी, हितं रेखाताई कुठंच न्हाय. ह्ये मास्तरचं नाव हाय. पहिल्यापसनं."

फोन लावला. त्यानं नाकारलं नाही.

"क्लासची मशीनं अन् तुमचं, समदं एका नावावर घातलं की लवकर वर जातंय, मावशी. काम तर औषधाचंच झालं की. नाव कुणाचं का असंना."

"मग तिचंच घालायचं हुतंस." त्याला पहिल्यांदाच एकेरी बोलले. मी फोन ठेवला.

भाची म्हणाली, आता रेखाचं नाव घालता येईल, पण झालेलं काम तिच्या नावावर येणार नाही.

"बंद कर," मी म्हटलं.

"एक तुकडा निम्मा झालाय."

"तेवढा हू दे. आजारी माणसानं कुणाचं काय वाईट केलंय?"

तोही त्याच्याच नावावर गेला. मग मी बटण दाबलं. गिरणी थांबली. चादर घेऊन आले आणि डब्याला उलटा हात लावला. अजून ताप होता. चादर हातात धरून तशीच उभी राहिले.